निजामाचा क्लोरोफॉर्म आणि घाबरलेलं मूल

परभणीकडे निजामाचा विषय निघाला की गाडी थेट रझाकार आणि १९४८च्या पोलीस ॲक्शनवर जाते. पण मंडळी, निजामाच्या राज्यात याआधी साठ वर्षं घडलेली एक गोष्ट आजच्या लहान मुलांच्या नाक-घशाच्या एन्डोस्कोपीपर्यंत येऊन पोचते.

या तपासणीत अडचण अशी, की डॉक्टरांना जिथे दुर्बीण घालायची त्याच वाटेने श्वास चालू असतो. मोठ्या माणसाचं घसा बधिर करून भागतं. १८८४मध्ये व्हिएन्नात येलिनेकने कोकेन लावून ते केलंही. पण चार वर्षांचं पोर कुठलं गप्प बसायला! तपासणी जरा लांबणार असेल तर त्याला झोपवावंच लागतं. आणि त्या काळी झोपवायचं म्हणजे बहुतेकदा क्लोरोफॉर्म.

हा क्लोरोफॉर्म अधूनमधून अचानक जीव घ्यायचा. १८४८मध्ये इंग्लंडात पायाचं नख काढताना हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी गेली. आधी काय थांबतं, श्वास की हृदय? हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी ठाम होते: श्वासावर लक्ष ठेवा, नाडीकडे बघू नका. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या राज्यात १८८८ आणि १८८९ अशी दोन क्लोरोफॉर्म कमिशनं बसली. दुसऱ्याचा खर्च निजामाने उचलला, लंडनहून लॉडर ब्रंटन आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निकाल लॉरींच्या बाजूने लागला.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला, म्हणून मला हे ओळखीचं वाटतं. टेस्टिंग भरपूर, पण नेमकी एक केस राहिली. १९११मध्ये गुडमन लेव्हीने मांजरांवर दाखवून दिलं, की भूल हलकी असताना ॲड्रेनॅलिन वाढलं तर क्लोरोफॉर्मने हृदयाची लयच बिघडते. आणि भीतीने ॲड्रेनॅलिन वाढतं. म्हणजे टेबलावर रडणारं, हातपाय झाडणारं मूलच सगळ्यात धोक्यात!

पुढे १९५६मध्ये आलेल्या हॅलोथेनमध्येही हा दोष थोडाफार होताच. सेव्होफ्लुरेनमध्ये तो बराच कमी, वासही उग्र नाही. म्हणून आज मुलांना बहुधा मास्कने सेव्होफ्लुरेन किंवा शिरेतून प्रोपोफॉल देतात, स्वरयंत्रावर लिग्नोकेन मारतात आणि जमेल तिथे मुलाचा स्वतःचा श्वास चालू ठेवतात. लॉरी अर्धे बरोबर होते. मुलांमध्ये श्वासच आधी दगा देतो, पण ऑक्सिमीटर आणि ईसीजी दोन्ही लावलेले असतात.

तेव्हा उद्या घरातल्या पोरावर ही वेळ आली, तर त्याची सर्दी, खोकला, रात्रीचं घोरणं भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा. औषध त्यावरून ठरतं. आणि हो, त्याला रडवत आत पाठवू नका.