एक मानक जामखेडचे

रेल्वेची मानके जेथे सिद्ध होतात, त्या मानक नगरातील आम्हां मराठीजनांस मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी महाराष्ट्राने घालून दिलेल्या एका निराळ्या मानकाचे स्मरण होते. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील दुष्काळी जामखेडास आले. रोगाचे मूळ दूषित पाण्यात, अर्धपोटी बालपणात व जातिभेदात आहे, हे त्यांनी जाणले. म्हणून केवळ रुग्णालयावर न थांबता, गावानेच निवडलेल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका केले. त्यांतील कित्येक निरक्षर होत्या, दलित होत्या. सुखरूप बाळंतपण, लसीकरण, सकस आहार यांचे ज्ञान त्यांनी घरोघरी पोहोचविले. कूपनलिका, शेतकरी मंडळे व महिला मंडळे यांची त्यास जोड मिळाली. १९७८ साली आल्मा-आता येथील जागतिक परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा पुरस्कार केला. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार लाभला.

आम्हीही शिबिरे भरविली, औषधे वाटली आणि घरी परतलो. आमच्याच घरी धुणीभांडी करणाऱ्या भगिनींस त्यांची गरज मात्र कधी विचारली नाही. मंडळाच्या पुढील वाटचालीचा आरंभ त्या प्रश्नापासून व्हावा, एवढीच आमची विनंती.