आउटरीच कार्यक्रम आणि विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती : इंग्लंडमधील विद्यापीठे

ज्यांच्या घरातून आजवर कोणी उच्च शिक्षणाला गेलेले नाही, किंवा ज्यांच्या वस्तीतून फार थोडी मुले जातात, अशा शाळकरी विद्यार्थ्यांपर्यंत विद्यापीठांनी स्वतःहून पोहोचण्यासाठी चालवलेल्या उपक्रमांना आउटरीच कार्यक्रम म्हणतात. इंग्लंडमध्ये विद्यापीठाची भेट, उन्हाळी निवासी वर्ग, शिकवण्या, पदवीच्या विद्यार्थ्यांनी केलेले मार्गदर्शन असे त्याचे प्रकार आहेत. चौदा वर्षांची मुलगी एक दिवस प्रयोगशाळा पाहून घरी जाते, पण तिच्याविषयी भरलेला अर्ज मागे राहतो आणि तिचे पुढे काय झाले हे त्याच्या आधारे अनेक वर्षे तपासले जाते. ती त्या विद्यापीठाची विद्यार्थिनी नसते, कदाचित कधी होणारही नाही. म्हणून ही माहिती प्रवेश घेतलेल्यांच्या नोंदींहून नाजूक ठरते.

अर्जात नाव, जन्मतारीख, शाळा आणि पोस्टकोड असतात. त्याखेरीज वंश, अपंगत्व, शाळेत मोफत जेवण मिळते का, आईवडिलांपैकी कोणी पदवीधर आहे का, मूल स्थानिक प्रशासनाच्या देखभालीत वाढले आहे का, असेही विचारले जाते. यांतला पोस्टकोड वरवर साधा दिसतो, पण सर्वाधिक बोलतो तोच. ‘पोलर’ नावाच्या वर्गीकरणात तरुणांच्या उच्च शिक्षणातील प्रमाणानुसार देशातील भागांचे पाच गट पाडलेले आहेत. २०१७ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे ‘युनि कनेक्ट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने आरंभी ९९७ प्रभाग लक्ष्य म्हणून निवडले होते. त्या यादीत आपला पत्ता बसतो म्हणून आपली निवड झाली, हे मुलाला ठाऊक असतेच असे नाही. ते त्याला नीट शब्दांत सांगायला हवे.

एवढी माहिती गोळा होण्यामागे शुल्कवाढीचा इतिहास आहे. २००४ च्या उच्च शिक्षण कायद्याने विद्यापीठांना वाढीव शुल्काची मुभा दिली आणि बदल्यात वंचित गटांसाठी काय करणार याचा करार मागितला. २०१२ पासून शुल्काची मर्यादा वर्षाला ९,००० पौंड झाली, तशी ही मागणीही कडक होत गेली. २०१८ मध्ये कामाला लागलेले ‘ऑफिस फॉर स्टुडंट्स’ हे नियामक कार्यालय आता केवळ उपक्रमांची यादी घेऊन थांबत नाही, त्यांचा परिणाम झाल्याचा पुरावा मागते. परिणाम मोजायचा, तर मुलाचा माग काढणे आले.

हे काम बव्हंशी सामाईक यंत्रणांमार्फत चालते. केंट विद्यापीठातून चालणारी ‘हीट’ ही त्यांतली सर्वांत परिचित यंत्रणा. सदस्य विद्यापीठे आपापल्या उपक्रमांतील मुलांच्या नोंदी तिच्यात भरतात. पुढे नाव, जन्मतारीख आणि पोस्टकोड यांच्या आधारे त्या नोंदी राष्ट्रीय विद्यार्थी-नोंदींशी जुळवल्या जातात आणि कोण कोठे पोहोचले ते कळते. आडनाव बदलले, घर बदलले किंवा नावाचे स्पेलिंग दोन ठिकाणी वेगळे पडले की जुळणी अवघड होते. आकडेवारी प्रसिद्ध करताना उच्च शिक्षणाच्या सांख्यिकी संस्थेचा दंडक असा आहे, की प्रत्येक संख्या पाचाच्या जवळच्या पटीत दाखवायची. एखाद्या शाळेतून दोनच मुले गेली असतील, तर तक्त्यात शून्य दिसते. छोट्या शाळेतले एकटे अपंग मूल आकड्यावरून ओळखू येऊ नये, यासाठी अचूकतेत केलेली ही तडजोड अगदी रास्त आहे.

मुलांची परवानगी घेतली जाते का, याचे उत्तर अनेक पालकांना चकित करील. मे २०१८ मध्ये युरोपीय माहिती-संरक्षण नियम आणि ब्रिटनचा नवा कायदा लागू झाला. तेव्हापासून अशा पाठपुराव्याचा आधार म्हणून अनेक विद्यापीठे संमतीऐवजी ‘सार्वजनिक कार्य’ हे कारण पुढे करतात. संमती कधीही मागे घेता येते आणि मग अभ्यासाला भोके पडतात, ही त्यामागची अडचण. शिवाय शिक्षकासमोर वर्गात बसून केलेली सही कितपत मोकळ्या मनाची, हाही प्रश्न उरतोच. छायाचित्रांसाठी मात्र वेगळी परवानगी घेण्याची पद्धत आहे. संमतीचा आधार नसला, तरी मुलाला आक्षेप घेण्याचा आणि आपल्याविषयीच्या नोंदी मागण्याचा हक्क आहे. नोंदी मागितल्यास एरवी महिन्याभरात उत्तर द्यावे लागते. मुलांसाठीची सूचना त्यांना समजेल अशा भाषेत असावी, असे कायदाच सांगतो. सारी भिस्त या एका सूचनेवर असल्याने ती वकिली भाषेत छापणे हा मुलांवर अन्याय आहे.

परिणाम खरोखर आउटरीचमुळे झाला की ती मुले तशीही गेली असती, हे ठरवायला तुलनागट लागतो. २०१९ मध्ये स्थापन झालेल्या ‘टासो’ या संशोधन केंद्राने उन्हाळी वर्गांवर अशी चाचणी घेतली. त्यात अर्जदारांपैकी काहींना जागा मिळते, काहींना नाही, आणि माग दोघांचाही काढला जातो. ज्याला वर्गाचा काहीच लाभ झाला नाही, त्याचीही माहिती वापरली जाते. अर्ज भरतानाच हे स्पष्ट सांगितले, तरच ते न्याय्य म्हणता येईल.

धोके काल्पनिक नाहीत. ग्रीनिच विद्यापीठात २००४ मध्ये एका प्रशिक्षण परिषदेसाठी छोटे संकेतस्थळ उभारले गेले. परिषद संपली, संकेतस्थळ मात्र बंद झाले नाही. पुढे हल्लेखोरांनी त्यातून आत शिरून सुमारे १९,५०० जणांची माहिती मिळवली. काही नोंदींत अध्ययन-अक्षमता आणि आजारपणाचे तपशीलही होते. मे २०१८ मध्ये माहिती आयुक्तांनी विद्यापीठाला १,२०,००० पौंड दंड केला. आउटरीचमध्येही एका दिवसाच्या कार्यक्रमासाठी तयार केलेली यादी अशीच कुठेतरी पडून राहू शकते.

दुसरे उदाहरण शिक्षण खात्याचेच आहे. चौदा वर्षांपुढील विद्यार्थ्यांच्या पात्रता नोंदवणाऱ्या राष्ट्रीय संग्रहात सुमारे २.८ कोटी नोंदी होत्या. तो पाहण्याची मुभा एका खासगी कंपनीकडे राहिली, आणि जुगार कंपन्यांच्या ग्राहकांचे वय पडताळण्यासाठी तिचा वापर झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये आयुक्तांनी खात्याला जाहीर समज दिली. सरकारी संस्थांना दंड टाळण्याचे धोरण नसते, तर तो १ कोटी पौंडांहून अधिक झाला असता, असेही त्यांनी सांगितले. शिक्षणासाठी दिलेली माहिती जुगाराच्या दारात पोहोचते, याहून गंभीर विश्वासभंग कोणता?

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने वेगळी वाट धरली आहे. ब्रिटनमध्ये ऑनलाइन सेवांसाठी तेरा वर्षांचे मूल स्वतः संमती देऊ शकते. भारतात मात्र अठरा पूर्ण होईपर्यंत पालकांची पडताळलेली संमती लागते आणि मुलांच्या वर्तनाचा माग काढण्यास मनाई आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनी शैक्षणिक संस्थांना सवलत दिली, ती त्यांच्या शैक्षणिक कामापुरती आणि दाखल झालेल्या मुलांच्या सुरक्षिततेपुरती. महाराष्ट्रातल्या एखाद्या विद्यापीठाने कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन अकरावीच्या मुलांची यादी केली आणि पुढची काही वर्षे त्यांचा पाठपुरावा केला, तर तो या सवलतीत बसेल का, हे विद्यापीठाला यादी करण्यापूर्वीच तपासावे लागेल. ती मुले त्याच्याकडे दाखल नाहीत, आणि अकरावीतली बहुतेक मुले अठराच्या आतलीच असतात.