लाल दिवा लागण्याआधी कळायला हवे : गाडीला ऑईल आणि टेंपरेचर मीटर बसवताना

बेळगाव : भाजी घेऊन गोव्याला उतरलेला पिकअप परतताना चोर्ला किंवा अनमोड घाट चढत असतो. डॅशबोर्डवर सगळे ठीक दिसते. मग एकदम लाल दिवा लागतो आणि गाडी बाजूला घेईपर्यंत हेड गॅस्केट गेलेले असते, नाहीतर बेअरिंग धरलेले असते. इंजिनाचा खर्च एकीकडे. काम होईपर्यंत भाडे बंद आणि बँकेचा हप्ता मात्र चालू. जुन्या जीप, टेम्पो, पिकअपला बाहेरून वेगळे मीटर बसवले जातात ते यासाठीच. मात्र ते नीट निवडून, नीट बसवले तरच उपयोग.

कंपनीचा दिवा का पुरत नाही?

ऑईलचा दिवा प्रेशर स्विचवर चालतो. बहुतेक गाड्यांत प्रेशर ०.३ ते ०.५ बारच्या आसपास आल्यावरच तो लागतो. चढावर लोड घेतलेल्या इंजिनाला साधारण २ ते ४ बार प्रेशर हवे. म्हणजे ४ बारवरून १ बारवर घसरले तरी दिवा गप्पच. टेंपरेचरचेही तेच. अनेक नव्या गाड्यांत इंजिन ८० अंशांवर असो की १०० वर, काटा मुद्दाम मध्यावरच ठेवलेला असतो. तो हलतो तेव्हा हातात फार वेळ उरलेला नसतो.

कोणते मीटर घ्यावे?

पहिला मान ऑईल प्रेशर आणि पाण्याच्या (कूलंटच्या) टेंपरेचरला. टर्बो डिझेल असेल आणि रोज घाट असेल, तर तिसरे ऑईल टेंपरेचरचे. मीटर दोन तऱ्हेचे मिळतात.

- मेकॅनिकल : बारीक नळीतून ऑईल थेट मीटरपर्यंत येते. वायरिंग लागत नाही, पण नळी फुटली तर गरम ऑईल केबिनमध्ये येते.
- इलेक्ट्रिक : इंजिनावर सेन्सर आणि आत फक्त वायर. रोजच्या गाडीला हेच बरे.

इलेक्ट्रिक मीटर आणि सेन्सर एकाच जोडीचे घ्यावेत. काही मीटर १० ते १८० ओहमच्या सेन्सरवर चालतात, तर काही २४० ते ३३ ओहमच्या. एकाचे मीटर आणि दुसऱ्याचा सेन्सर लावला तर काटा हलतो, पण खोटे सांगतो. गाडी १२ व्होल्टची की २४ ची, हेही दुकानात आधीच सांगावे.

आट्यांची गल्लत

सगळ्यात जास्त नुकसान इथे होते. सेन्सरला १/८ एनपीटी, १/८ बीएसपी किंवा एम १० असे आटे असतात. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात. एनपीटीला इंचात २७ आटे, बीएसपीला २८. सुरुवातीला बसल्यासारखे वाटते, मग जोर लावला की ॲल्युमिनियमचा ब्लॉक तडकतो किंवा आटे जातात. जुना स्विच काढून आटे मोजूनच ॲडॉप्टर आणावा.

बसवताना

१. बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल आधी काढा. इंजिन थंड असू द्या.

२. कंपनीचा ऑईल स्विच काढून टाकू नका. टी जोडून स्विच आणि नवा सेन्सर दोन्ही ठेवा. मीटर बिघडले तरी दिवा राहतो. जड सेन्सर टी वर लोंबकळत ठेवू नका, थरथरून मोडतो. जाड होज लावून बॉडीवर पक्का करा. टी ला जागा नसेल तर ऑईल फिल्टरखाली सँडविच प्लेट बसते.

३. एका वायरीचा सेन्सर आपल्या आट्यांतूनच अर्थ घेतो. त्यावर टेफलॉन टेप भरपूर गुंडाळली तर अर्थ तुटू शकतो आणि टेपचा तुकडा ऑईलच्या वाटेत अडकू शकतो. थोडेसे लिक्विड सीलंट पुरते.

४. पाण्याचा सेन्सर रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये ॲडॉप्टर घालून बसवला, तर ॲडॉप्टरला वेगळी अर्थ वायर हवी, कारण रबरातून अर्थ मिळत नाही. नंतर पाणी भरून सिस्टीममधली हवा काढावी.

५. मीटरची लाईन इग्निशननंतरची घ्या आणि फ्यूज लावा. दिव्याची वायर पार्किंग लाईटवरून घ्या. इंजिनाकडून केबिनमध्ये वायर जाते तिथे रबर ग्रोमेट हवाच, नाहीतर पत्र्याने वायर सोलून शॉर्ट होते.

६. चालू करून सगळे जोड बघा. घाट चढून आल्यावर पुन्हा बघा.

वॉरंटीतल्या नव्या गाडीची वायर कापण्याआधी विचारून घ्या. बीएस-४ नंतरच्या बहुतेक कारमध्ये स्कॅनर लावूनच पाण्याचे टेंपरेचर कळते. ऑईल प्रेशर मात्र सहसा दिसत नाही.

काटा वाचायचा कसा?

थंड इंजिनात ऑईल प्रेशर जास्त दिसते आणि गरम झाल्यावर उतरते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. दर १००० आरपीएमला सुमारे ०.७ बार, असा जुना मिस्त्रींचा अंदाज आहे. गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा त्याहून महत्त्वाचा. पाणी साधारण ८५ ते १०० अंश, ऑईल ९० ते १२० अंश चालते. ऑईल १३० च्या वर जाऊ लागले तर दम खावा.

पहिल्या आठवड्यात आपल्या गाडीचे आकडे वहीत लिहून ठेवा : स्लोवर किती, सपाटीला किती, घाटात किती. पुढे फरक पडला की तेवढ्यावरूनच कळते.

ऑईल प्रेशर एकदम पडले तर गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा. टेंपरेचर चढू लागले तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू आणि गाडी थांबवा. तरी काटा उतरत नसेल तर इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी. घाट चढताना टेंपरेचरचा काटा विनाकारण खाली आला तर खूश होऊ नये. पाणी गळून गेले की सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन तापत असतानाही मीटर थंड दाखवते. अशा वेळी थांबून आधी गाडीखाली बघावे.