भीती कुणाची, आणि भितं कोण?

विषय भुतांचा आणि बोलायला तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर! तेव्हा आधीच सांगून टाकतो, की भुतं आहेत की नाहीत या वादात आम्ही आज पडणार नाही. भुताची गोष्ट सांगताना आपण कुणाला भ्यायला शिकवतो, एवढंच बघायचं आहे.

‘गॉथिक’ हा शब्द साहित्यात रुळला तो इंग्लंडमध्ये. १७६४ साली होरेस वॉलपोल यांची ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ ही कादंबरी निनावी प्रसिद्ध झाली आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या आवृत्तीवर ‘गॉथिक कथा’ असं उपशीर्षक आलं. जुना गढीवजा वाडा, बळकावलेली गादी, घराण्याचं झाकून ठेवलेलं पाप, आणि ते उघड करायला परत येणारे मृतात्मे, असा तो साचा. वॉलपोलला हे कल्पनेनं रचावं लागलं. आपल्याकडे नऊ वर्षांनी त्यातलं बरंचसं घडलंच.

३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस. गारदी शनिवारवाड्यात घुसले. अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे चुलत्याकडे, रघुनाथरावांकडे धावले आणि तिथंच त्यांचा खून झाला. १८२८ च्या आगीत वाडा जळाला. तट, दरवाजे, जोती राहिली. पौर्णिमेच्या रात्री तिथून ‘काका, मला वाचवा’ अशी हाक येते, ही गोष्ट पुण्यात वाढलेल्या प्रत्येकानं ऐकलेली असते.

आता या भुताकडे नीट बघा. ते कुणाच्या मानगुटीवर बसत नाही. मदत मागतं. ऐकणाऱ्याला भीतीपेक्षा हळहळच जास्त वाटते. रामशास्त्री प्रभुण्यांनी दोष दिला तो रघुनाथरावांना. लोकांच्या तोंडी मात्र राहिलं काय? आनंदीबाईंनी केलेला ‘ध’ चा ‘मा’. ही आख्यायिका आहे, पण मराठीत तिचा वाक्प्रचार झाला. म्हणजे गोष्टीत मेलेल्या पुरुषाला करुणा मिळाली आणि वाड्यातल्या बाईला पाप.

हा योगायोग असेल, असं कुणी म्हणेल. मग वाड्यातून गावात येऊ. पिंपळावरचा मुंजा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. मुंज झाली, लग्न होण्याआधी गेला, इच्छा राहिली. तो त्रास देतो खरा, पण त्याला पार मिळतो, नैवेद्य मिळतो. २०२४ साली ‘मुंज्या’ नावाचा हिंदी चित्रपटही त्याला मिळाला. आता दुसरी बाजू. आर. ई. एन्थोव्हेन यांनी १९२४ मध्ये ‘द फोकलोअर ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातल्या कोकणातल्या भुतांमध्ये अळवंतीण आहे. अळवंतीण म्हणजे बाळंतपणात मेलेली बाई. हडळीबद्दलही बऱ्याच ठिकाणी हेच सांगतात. ती परत येऊ नये म्हणून उंबऱ्यात खिळे ठोकायची, वाटेवर धान्य टाकायची चाल होती. दाणे मोजत बसेल आणि घर विसरेल!

जरा थांबून विचार करा. ही बाई कुणाची? त्याच घरची. मेली कशानं? वेळेवर मदत मिळाली नाही म्हणून. ‘मला वाचवा’ असं तीही म्हणाली असेलच ना? तिची हाक मात्र कुठल्याच गोष्टीत ऐकू येत नाही. गोष्टीत उरतात फक्त तिचे उलटे पाय.

आता आपण जिथं बसलो आहोत, त्या खराडीत येऊ. १९९७ मध्ये हे गाव महापालिकेत आलं. तोवर मुळा-मुठेकाठचं शेतीचं गाव. आज रात्री दोन वाजताही इथल्या काचेच्या इमारतींत दिवे असतात. पिंपळ कमी झाले, मुंजाची पंचाईत झाली. पण भूत गेलं नाही, ते हायवेवर आलं. पांढऱ्या साडीतली बाई रस्त्याकडेला उभी असते, लिफ्ट मागते, आणि गाडी थांबवणारा फसतो. ही गोष्ट महाराष्ट्रातल्या किती घाटांबद्दल आणि बायपासबद्दल सांगतात, याची गणती नाही.

या गोष्टीत गाडीवाला बिचारा आणि बाई धोक्याची. प्रत्यक्षात काय आहे? रात्री काम संपवून गाडीची वाट बघत उभी असलेली मुलगी हातात फोन घट्ट धरून असते. येणाऱ्या गाडीच्या दिव्यांना तीच भिते. तिची भीती खोटी का नाही, हे पुणेकरांना आम्ही सांगायला नको. भूताची गोष्ट ही भीती उचलते आणि उलटी करून आपल्या हाती देते.

कायद्याला हे गोष्टीपेक्षा चांगलं कळलं आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला काम द्यायचं तर तिची संमती हवी, संरक्षण हवं आणि घराच्या दारापर्यंत वाहनाची सोय हवी. उंबऱ्यात खिळा ठोकण्यापासून उंबऱ्यापर्यंत सुखरूप पोचवण्यापर्यंत, एवढा हा प्रवास आहे. कागदावर तो झाला. रस्त्यावर किती झाला, ते तुमच्या घरातल्या मुलींना विचारा.

भुताच्या गोष्टी बंद करा, असं आम्ही म्हणणार नाही; लहानपणी आम्हीही त्या गोधडीत शिरून ऐकल्या आहेत. पुढच्या वेळी नातवंडांना सांगाल तेव्हा एवढंच करा. रस्त्यावरच्या त्या बाईला विचारा, ‘बाई, तू इथं कशी आलीस? तुला कुणी सोडून गेलं का?’ गोष्ट मग वेगळी होते. रात्र तीच राहते, पण आपण कुणाच्या बाजूनं उभे आहोत, ते बदलतं.