लास्को बंद आहे

वेझेर नदीच्या खोऱ्यातली सगळ्यात प्रसिद्ध गुहा बघता येत नाही. १९६३ साली फ्रान्सचे तेव्हाचे संस्कृतिमंत्री आंद्रे मालरो यांनी लास्को लोकांसाठी बंद केली आणि ती आजही बंद आहे. तरी माणसं तिथे जातातच. नोकरीनिमित्त तुलूझला होतो तेव्हा एका लांब वीकेंडला मीही गेलो. आजाँ स्टेशनला गाडी बदलायची, मग लेझेझी नावाच्या छोट्याशा स्टेशनवर उतरायचं, आणि पुढे पायी.

नैऋत्य फ्रान्समधली वेझेर ही काही फार मोठी नदी नाही. पण तिच्या काठच्या चुनखडीच्या कड्यांत माणूस इतका काळ राहिलाय, की अश्मयुगातल्या संस्कृतींना इथल्या खेड्यांची नावं आहेत. ल मुस्तिए गावावरून मुस्तेरियन, ला मादलेन वस्तीवरून माग्दालेनियन. १८६८ मध्ये लेझेझीत रस्त्याचं काम चालू असताना कड्याच्या पोटाशी माणसांचे सांगाडे निघाले. त्या जागेचं नाव क्रो-मान्यों. शाळेत आपण घोकलेला ‘क्रो-मॅग्नन मानव’ तो हाच.

इथल्या पायवाटा मजेशीर आहेत. झाडांवर, दगडांवर लाल-पांढरे पट्टे रंगवलेले असतात. ते दिसत राहिले की आपण बरोबर चाललोय. ओकच्या जंगलातून वर चढायचं, अक्रोडाच्या बागांच्या कडेनं खाली उतरायचं, मध्येच झाडी संपते आणि समोर कडा. ला रोक सें-क्रिस्तोफचा कडा तर जवळपास एक किलोमीटर लांब, उंची ८० मीटर, आणि त्यात एकावर एक कपारींचे मजले. आदिमानवानंतर मध्ययुगात इथे कड्याच्या अंगावरच अख्खी वस्ती होती. १५८८ मध्ये, धर्मयुद्धांच्या धामधुमीत, राजाच्या हुकमानं ती उद्ध्वस्त झाली. लाकडी तुळया बसवायला पाडलेल्या खाचा तेवढ्या दगडात राहिल्या आहेत.

पण माझा जीव लास्कोत अडकला होता.

ती सापडली १२ सप्टेंबर १९४० ला. फ्रान्स जर्मनीपुढे नुकताच शरण गेला होता. माँतीन्याक गावाजवळच्या टेकडीवर चार पोरं एका भोकातून आत घसरली: मार्सेल राविदा, जाक मार्साल, जॉर्ज आन्येल आणि सिमाँ कोएन्कास. राविदा १८ वर्षांचा, बाकीचे त्याच्याहून लहान. हातातल्या दिव्याच्या उजेडात त्यांना भिंतीवर बैल दिसले. त्यांतला सगळ्यात मोठा पाच मीटरहून लांब आहे. पोरांनी मास्तरांना सांगितलं, आणि राविदा न् मार्साल तंबू ठोकून गुहेची राखण करत बसले. कोएन्कास पॅरिसचा ज्यू मुलगा. तो थोड्याच दिवसांत घरी परतला. त्याचे आईवडील पुढे आउशवित्झमध्ये मारले गेले. तो सोळा वर्षांच्या आतला म्हणून नजरकैदेतून सुटला. गुहेच्या माहितीपत्रकात ही ओळ छोटी असते. मला ती बैलांइतकीच मोठी वाटते.

युद्ध संपल्यावर १९४८ मध्ये गुहा लोकांसाठी उघडली. त्यासाठी तोंड रुंद केलं, आतली जमीन खोल केली, दिवे लावले. त्यात निघालेली बरीच माती नीट न तपासताच बाहेर गेली. हजारो वर्षं ही गुहा टिकली त्याचं कारण साधं होतं. तोंड ढासळून बुजलेलं, वरच्या मातीच्या थरातून पाणी झिरपत नाही, आणि आत कुणी नाही. आता दिवसाला हजारावर माणसं येऊ लागली.

इथे माझ्यातला इंजिनियर जागा होतो. नुसता उभा असलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. १२०० माणसं प्रत्येकी अर्धा तास आत थांबली तर झाले ६० युनिट, रोजचे, एका बंद खोलीत. वर उच्छ्वासातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड. वाफ थंड भिंतीवर पाणी होऊन बसते, वायू त्यात विरघळला की सौम्य आम्ल तयार होतं, आणि ते चुनखडी खातं. तीच चुनखडी दुसरीकडे पांढरा थर होऊन साचते. दिव्यांच्या उजेडात भिंतींवर शेवाळ वाढलं ते वेगळंच. कुणी खरवडलं नाही, कुणी बदामात बाण काढला नाही. लोकांनी फक्त पाहिलं आणि श्वास घेतला.

बंद करून प्रश्न सुटला असंही नाही. नवी वातानुकूलन यंत्रणा बसवल्यानंतर, २००१ मध्ये, पांढरी बुरशी झपाट्यानं पसरली. जमिनीवर चुनकळी पसरावी लागली. बुरशीचं कारण यंत्रणाच का, यावर तज्ज्ञांत वाद आहे. पण चालू सिस्टीममध्ये बदल करून मग रात्रभर जागणाऱ्या कुणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल.

म्हणून नक्कल. पहिली १९८३ मध्ये, खऱ्या गुहेपासून २०० मीटरवर. चित्रकार मोनिक पेत्राल यांनी त्यातली चित्रं कित्येक वर्षं खपून रंगवली. मग त्या नकलेला येणाऱ्या गर्दीचाच टेकडीला त्रास होतो असं दिसल्यावर २०१६ मध्ये टेकडीच्या पायथ्याशी नवी, आणखी मोठी नक्कल उघडली. मी तीच पाहिली. माझ्या धंद्यात कॉपी आणि मूळ यांत फरकच नसतो. फाइल ती फाइल. इथे सगळं खोटं आहे हे ठाऊक असूनही छताकडे बघताना माझी मान अवघडली. बैल सुंदरच आहेत. पण त्यांच्यासमोर मी गप्प झालो नाही, शेजारच्याशी बोलत होतो.

गप्प झालो ते दुसऱ्या दिवशी फाँ-द-गोममध्ये. लेझेझीहून चालत जाण्याइतकी जवळ ही गुहा, आणि इथली चित्रं खरी. १९०१ मध्ये गावचे शिक्षक दनी पेरोनी यांना ती प्रथम ‘दिसली’. गावकरी तर आधीपासून आतबाहेर करत होते, चित्रांवर नावंही कोरून गेले होते. आता दिवसाला मोजकीच माणसं सोडतात. आमचा घोळका लहानसा. एका अरुंद फटीतून तिरकं होऊन जावं लागतं, खांद्यावरची बॅग बाहेर ठेवायची. आत गाईडनं टॉर्च भिंतीला बाजूनं लावला आणि दगडाच्या फुगवट्यातून गव्याची पाठ वर आली. चित्रकारानं फुगवटा आधी पाहिला असणार, गवा नंतर.

पुढे दोन रेनडिअर. एक गुडघे टेकून खाली बसलेला, दुसरा वाकून त्याचं कपाळ चाटतोय. रंग बराच उडालाय, गाईडनं बोटानं हवेत रेघ ओढून दाखवली तेव्हा जीभ दिसली. माझ्या शेजारच्या आजीबाईंनी तोंडावर रुमाल धरला होता. मला वाटलं रडतायत. नंतर बघतो तर पुढचा माणूसही हनुवटी कॉलरमध्ये खुपसून, भिंतीकडून तोंड फिरवून श्वास सोडत होता. आम्हाला कुणी तसं सांगितलं नव्हतं. मग मीही तसाच, मान वळवून, उरलेली दहा मिनिटं.