जन्माला बंदी असलेलं बेट

आईला फोनवर सांगितलं, की यंदा सुट्टीत मिकोनोस नावाच्या ग्रीक बेटावर चाललोय, तर तिचा पहिला प्रश्न, "तिथं देव कुठला?" तिचा भूगोल असाच आहे. पंढरपूर म्हणजे विठोबा, जेजुरी म्हणजे खंडोबा. देव नसेल तर माणूस एवढ्या लांब कशाला जाईल? मी हसून म्हटलं, "अगं, तिथं लोक नाचायला आणि दारू प्यायला जातात." चार दिवस राहून आल्यावर मात्र कबूल करतो, की प्रश्न तिचाच बरोबर होता. देव होता, फक्त शेजारच्या बेटावर.

आधी मिकोनोसबद्दल. पिरेयस बंदरातून बोट निघते आणि काही तासांनी एका उघड्याबोडक्या, तपकिरी डोंगरावर कोणीतरी मीठ सांडल्यासारखं गाव दिसतं. तेच खोरा, म्हणजे मुख्य गाव. एकजात पांढरी घरं, निळी-लाल दारं, आणि गल्ल्या अशा की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटायचं. टेकाडावर जुन्या पवनचक्क्यांची रांग आहे. पूर्वी त्या धान्य दळायच्या, आता फोटो काढून घेतात. रात्री अकरानंतर गावाचा नूरच पालटतो. ज्या वेळी आपल्याकडे शेवटची लोकल सुटते, त्या वेळी इथे लोक घरातून बाहेर पडतात. सकाळी आम्ही लेकीला घेऊन धक्क्याकडे निघालो तेव्हा वाटेत रात्रीची मंडळी परतताना भेटली. आम्ही झोपून उठलेले, ते अजून झोपायचे. दोघांनीही एकमेकांकडे दयेने पाहिलं.

आम्ही चाललो होतो डेलोसला. मिकोनोसहून बोटीने अर्धा तास. जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचं बेट. झाड नाही, गाव नाही. पहारेकरी आणि उत्खनन करणारे सोडले तर तिथे रात्री कोणालाही राहू देत नाहीत.

ग्रीक पुराणात लेटो नावाच्या देवीला झ्यूसपासून दिवस गेले. झ्यूसच्या बायकोच्या, हेराच्या, धाकाने कोणतीही भूमी तिला बाळंतपणाला जागा देईना. शेवटी समुद्रात तरंगणाऱ्या एका दरिद्री खडकाने तिला आसरा दिला आणि तिथे अपोलो जन्मला. तो खडक म्हणजे डेलोस. म्हणजे या बेटाची सगळी कीर्ती एका बाळंतपणामुळे. आता पुढची गंमत बघा. इ.स.पू. ४२६ मध्ये अथेन्सने हे बेट 'शुद्ध' करायचं ठरवलं. होत्या नव्हत्या त्या सगळ्या कबरी उकरून त्यातली हाडं आणि भांडी शेजारच्या रेनिया बेटावर नेऊन पुरली आणि फर्मान काढलं, की यापुढे डेलोसवर कोणी मरायचं नाही आणि कोणी जन्मायचंही नाही. मरणासन्न म्हातारा असो की दिवस भरलेली बाई, उचलून रेनियावर न्यायचं. थ्युसिडिडीस या इतिहासकाराने हे सगळं नोंदवून ठेवलं आहे.

ही नुसती सोवळ्याची बाब नव्हती. इराणी आक्रमणानंतर, इ.स.पू. ४७८ मध्ये, ग्रीक शहरांनी जो संघ केला त्याचा खजिना याच बेटावर होता. इ.स.पू. ४५४ मध्ये तो अथेन्सला हलवला गेला. मग कबरी हलल्या. इ.स.पू. ४२२ मध्ये तर खुद्द डेलोसच्या रहिवाशांनाच हाकलून दिलं. वर्षभरात त्यांना परत आणावं लागलं, पण बेट कोणाचं हे सगळ्यांना कळलं होतं. ज्या जागी तुमचे पूर्वज पुरलेले नाहीत आणि तुमची मुलं जन्मत नाहीत, ती जागा तुमची आहे असं तुम्ही कशाच्या जोरावर म्हणणार?

दुसरा अंक रोमनांचा. रोड्स बेटाचा व्यापार मोडायचा म्हणून इ.स.पू. १६६ मध्ये रोमने डेलोस अथेन्सच्या ताब्यात दिलं आणि तिथली बंदरपट्टी माफ करून टाकली. आपल्या भाषेत सांगायचं तर करमुक्त बंदर. रोड्सचं बंदराचं उत्पन्न दहा लाख द्राख्मांवरून दीड लाखावर आलं, असं पोलिबियस लिहितो. स्थानिक लोकांना पुन्हा एकदा बेटाबाहेर काढण्यात आलं. त्यांच्या जागी इटालियन, सीरियन, इजिप्शियन, ज्यू व्यापारी आले आणि प्रत्येकाने आपापला देव बरोबर आणला. टेकडीच्या उतारावर इसिसचं देऊळ आहे, सीरियन देवीचं आहे, किनाऱ्याजवळ सिनेगॉगचे अवशेष आहेत. परमुलखात पोटापाण्यासाठी गेलेला माणूस आधी भाड्याचं घर शोधतो आणि मग आपला गणपती बसवायला जागा. हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मला सगळ्यात आवडलं ते नाट्यगृहाखालचं पाण्याचं टाकं. बेटावर नदी नाही, म्हणून पायऱ्यांवर पडणारा पाऊस गोळा करून दगडी कमानींच्या भल्या मोठ्या टाक्यात साठवायचा. कमानी अजून ताठ उभ्या आहेत. मी तिथून हलेना, तेव्हा बायको म्हणाली, "तुमची पाण्याची टाकी बघून झाली असेल तर आता सिंह बघूया का?"

पण या सुबत्तेच्या पोटात काय होतं तेही सांगायला हवं. इथला मोठा माल होता माणूस. या बंदरात एका दिवसात हजारोंनी गुलाम उतरवून, विकून पुढे रवाना करता येत, असं स्ट्रेबो लिहितो. त्याने दिलेला आकडा दहा हजारांच्या घरातला आहे. ज्या फरसबंदीवर माझी सहा वर्षांची लेक उड्या मारत होती, तिच्याकडे मग मला नीट बघवेना.

आणि शेवट? इ.स.पू. ८८ मध्ये रोमचा शत्रू मिथ्रिडेटीस याच्या सैन्याने बेट लुटलं. इथे आणि आसपासच्या ठाण्यांवर मिळून वीस हजार माणसं मारली गेली, असं अपियन सांगतो. इ.स.पू. ६९ मध्ये चाचे आले. वीस वर्षांत दोन घाव. पण शहरं लुटली जातात आणि पुन्हा उभी राहतात. अथेन्स राहिलं, रोम राहिलं. डेलोस राहिलं नाही, कारण व्यापाराच्या वाटा बदलल्यावर तिथे थांबायला कोणाला कारणच उरलं नाही. शेत नव्हतं, पाणी नव्हतं, पिढ्यान्‌पिढ्यांचा माणूसही नव्हता. दुसऱ्या शतकात पॉसेनियसने लिहिलं, की देवळाचे पहारेकरी सोडले तर इथे कोणी राहत नाही.

नंतर उरला तो दगड. शेजारच्या बेटांवरच्या लोकांनी तो घरांसाठी नेला आणि डेलोसचं संगमरवर चुन्याच्या भट्ट्यांत गेलं. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते भाजलं की कळीचा चुना होतो, चुना विरवून भिंतीला फासला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट. लहानपणी दिवाळीआधी घरी सफेदी व्हायची तेव्हा पिंपात खदखदणारा चुना बघायला मी तासभर उभा असायचो. मिकोनोसच्या पांढऱ्या भिंतींकडे बघताना मनात आलं, यांच्या आतल्या एखाद्या थरात कुठल्या देवळाचा खांब मुरलेला असेल?

मिकोनोसचं नशीबही डेलोसनेच उघडलं. खलाशांचं हे गरीब बेट. १८७३ पासून फ्रेंच संशोधकांनी डेलोस खणायला घेतलं. ते बघायला येणाऱ्यांना मुक्कामाला मिकोनोस, कारण डेलोसवर राहता येत नाही. मग चित्रकार आले, श्रीमंत आले, १९६१ मध्ये जॅकलिन केनेडी आल्या, आणि सत्तरच्या दशकात नाचगाणं आलं. आज कित्येक पर्यटक डेलोसचं नावही न ऐकता परत जातात.

आम्ही उतरलो होतो त्या घराची मालकीण सत्तरीची. लेकीला अंजिरं द्यायची. मी सहज विचारलं, "तुमची नातवंडं इथलीच का?" म्हणाली, "इथली कशी असतील? बाळंतपणाला अथेन्सला जावं लागतं. आता या बेटावर कोणी जन्मत नाही." ती अगदी सहज बोलून गेली. मी मात्र अंजीर हातात धरून बसलो.

दहा हजारांच्या आसपास वस्तीचं हे बेट. मुलगा अथेन्समध्ये, कारण इथे घर घेणं त्याला परवडत नाही. गावातला वेटर पाच जणांत एका खोलीत झोपतो आणि ऑक्टोबरात सगळं बंद झालं की निघून जातो. मार्च २०२३ मध्ये इथल्या बांधकामांची प्रकरणं बघणाऱ्या पुरातत्त्व खात्याच्या अधिकाऱ्याला अथेन्समध्ये बेदम मारहाण झाली आणि देशभरच्या पुरातत्त्वज्ञांनी संप केला. जुलै २०२५ पासून क्रूझ जहाजाने येणाऱ्या प्रत्येकाकडून ऐन हंगामात वीस युरो घेतात. यातून गर्दी किती कमी होईल हा प्रश्न वेगळा. माझा प्रश्न साधा आहे: पाहुणे यायचे थांबले, तर या बेटावर राहायला कोण उरेल? अडीच हजार वर्षांपूर्वी त्यासाठी फर्मान काढावं लागलं होतं. आता घरभाडं पुरतं.

परत आल्यावर आईला फोन केला. म्हटलं, "देव सापडला. अपोलो. सूर्याचा मानतात." तिला बरं वाटलं. म्हणाली, "पूजा कोण करतं आता?"

"कोणी नाही. तिथं कोणी राहतच नाही."

"अरेरे," ती म्हणाली, "मग देवाला तरी कसं करमत असेल?"