नागपूर ते नॅशव्हिल : एका कपाच्या निमित्ताने

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या हिस्लॉप कॉलेजवरून मी चाळीस वर्षे जा-ये करतो आहे. आधी सायकलने, मग स्कूटरने. अमेरिकेतल्या वर्णभेदविरोधी लढ्याचा एक मोठा शिक्षक या कॉलेजात तीन वर्षे राहून गेला, हे मला कळले ते मात्र वयाची चाळिशी उलटल्यावर, जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळालेल्या एका इंग्रजी पुस्तकातून. त्यांचे नाव जेम्स लॉसन. जून 2024 मध्ये ते वयाच्या 95व्या वर्षी गेले, तेव्हा आमच्या वाचनालयात मी त्यांच्यावर बोललो. त्या संध्याकाळी जे घडले, त्यामुळे हा लेख लिहायला घेतला.

लॉसन 1953 मध्ये मेथडिस्ट मिशनतर्फे नागपुरात आले. कोरियन युद्धासाठी सैन्यभरतीला नकार दिल्याबद्दल त्याआधी वर्षभराहून जास्त काळ त्यांनी तुरुंगात काढला होता. हिस्लॉपमध्ये ते शिकवत आणि मुलांकडून खेळांचा सराव करून घेत. डिसेंबर 1955 मध्ये माँटगोमेरीतल्या बस बहिष्काराची बातमी त्यांनी वाचली ती इथल्याच वर्तमानपत्रात. एवढ्यावरून ‘अहिंसा ते नागपुरात शिकले’ असे म्हणायचा मोह आपल्याला होतो. तो आवरला पाहिजे. गांधींचे विचार त्यांनी ओहायोत कॉलेजात असतानाच वाचले होते आणि तुरुंगवास त्यांनी पत्करला तोही इथे येण्यापूर्वी. गांधींबरोबर काम केलेली माणसे त्यांना इथे भेटली, हे मात्र खरे. आणि ते कमी नाही.

1956 मध्ये ते परतले. पुढच्या वर्षी मार्टिन ल्यूथर किंग भेटले आणि म्हणाले, वेळ घालवू नका, दक्षिणेत या. त्याप्रमाणे 1958 मध्ये लॉसन टेनेसी राज्याच्या राजधानीत, नॅशव्हिलला आले आणि व्हँडरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्र शिकू लागले. हे शहर स्वतःला दक्षिणेतले सुसंस्कृत शहर मानत असे. कृष्णवर्णीयांना तिथे मतदान करता येई, नगरपरिषदेत त्यांचा सभासद होता. पण 1957 मध्ये पहिलीच्या वर्गात 19 कृष्णवर्णीय मुले गोऱ्यांच्या शाळांत दाखल झाली आणि त्याच रात्री हॅटी कॉटन ही शाळा डायनामाइटने उडवण्यात आली. तिथे दाखल झालेले कृष्णवर्णीय मूल एकच होते.

बाजारपेठेतली रीत आणखी विचित्र होती. मोठ्या दुकानात कृष्णवर्णीय बाईने साडेतीन डॉलरचे कापड घेतले, तर गल्ल्यावर पैसे आनंदाने घेतले जात. त्याच दुकानातल्या लंच काउंटरच्या स्टुलावर बसून कॉफी मागायची मात्र तिला मुभा नव्हती. पैसे चालतात, माणूस चालत नाही.

लॉसन यांनी एका चर्चच्या तळघरात वर्ग सुरू केले. फिस्क विद्यापीठाची डायान नॅश, बाप्टिस्ट सेमिनरीतले जॉन लुईस, जेम्स बेव्हल, बर्नार्ड लाफाएत ही सगळी विशीच्या आसपासची मुले. हे वर्ग म्हणजे प्रवचने नव्हती, तालीम होती. काही जण गोऱ्या गुंडांची सोंगे घेत, शिव्या देत, तोंडावर धूर सोडत, खुर्चीवरून ओढून पाडत. बाकीच्यांनी हात उचलायचा नाही. डोके कसे झाकायचे, मार खाणाऱ्या सोबत्याच्या आड आपले अंग कसे घालायचे, ते शिकायचे. आपण सत्याग्रहाबद्दल बोलताना मनोबलाविषयी खूप बोलतो. या कवायतीविषयी कमी. मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

13 फेब्रुवारी 1960 रोजी 124 विद्यार्थी चांगले कपडे घालून, वह्या-पुस्तके घेऊन तीन दुकानांत गेले, किरकोळ खरेदी केली आणि काउंटरवर जाऊन बसले. कोणी वाढले नाही. ते अभ्यास करत बसले. 27 तारखेला गोऱ्या टोळक्यांनी त्यांना मारले, सिगारेटी अंगावर विझवल्या. पोलिसांनी पकडले ते मार खाणाऱ्या 81 जणांना. पन्नास-पन्नास डॉलर दंड झाला. दंड भरणे म्हणजे या अन्यायाला हातभार लावणे, असे नॅशने न्यायालयात सांगितले आणि मुले तुरुंगात गेली. मार्चच्या सुरुवातीला विद्यापीठाने लॉसन यांना काढून टाकले.

नेमलेल्या समितीने एप्रिलमध्ये तोडगा सुचवला : काउंटरचा एक भाग फक्त गोऱ्यांसाठी, दुसरा सगळ्यांसाठी. विद्यार्थ्यांनी तो नाकारला. भिंत थोडी सरकवून मिळेल, पडणार नाही, असा हा सौदा होता. दरम्यान ईस्टरच्या ऐन खरेदीच्या दिवसांत कृष्णवर्णीय कुटुंबांनी बाजाराकडे पाठ फिरवली होती.

19 एप्रिलच्या पहाटे विद्यार्थ्यांचे वकील अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर डायनामाइट फेकले गेले. नवरा-बायको वाचले, समोरच्या मेहॅरी वैद्यकीय महाविद्यालयाच्या शंभरावर काचा फुटल्या. त्याच दिवशी तीन हजारांवर लोक एक शब्द न बोलता नगरपालिकेपर्यंत चालत गेले. पायऱ्यांवर नॅशने महापौर बेन वेस्ट यांना विचारले, रंगावरून भेदभाव करणे तुम्हाला चूक वाटते का? ते ‘हो’ म्हणाले. हा प्रसंग सगळ्या पुस्तकांत आहे. माझे मत असे, की त्या ‘हो’मागे दुकानदारांच्या खतावण्याही होत्या. 10 मे रोजी सहा दुकानांचे काउंटर खुले झाले, तेही ठरवून : सुरुवातीला थोडेच लोक, कळवलेल्या दिवशी, वर्तमानपत्रांत गाजावाजा न करता. बाकीची हॉटेले, थिएटरे तशीच राहिली. देशभराचा कायदा यायला जुलै 1964 उजाडला.

वाचनालयात मी इथवर आलो तेव्हा टाळ्या पडल्या. त्या बहुतेक नागपूरच्या नावाला होत्या. मग मागच्या बाकावरचे एक वृद्ध गृहस्थ उठले. म्हणाले, “लॉसनसाहेब इथे होते, तेव्हा आमच्याकडे काय चालू होतं, तेही सांगा.”

ते मला सांगता आले नाही. म्हणजे माहीत होते. अस्पृश्यता (अपराध) कायदा लागू झाला 1 जून 1955 रोजी, लॉसन हिस्लॉपमध्ये असताना. हॉटेलात, दुकानात कोणालाही अडवणे त्या दिवसापासून गुन्हा ठरले, अमेरिकेच्या नऊ वर्षे आधी. आणि 1975-76 साली, वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावी, माझ्या आजोबांच्या चहाच्या टपरीबाहेर वाशाच्या खिळ्याला कान तुटलेला एक कप टांगलेला असे. ज्यांच्यासाठी तो होता, ते स्वतः काढत, वरून ओतलेला चहा पीत, विसळत आणि पुन्हा टांगत. पैसे जमिनीवर ठेवत. मी ते उचलून आजोबांना देई. सहा-सात वर्षांचा होतो. नॅशव्हिलच्या स्टुलांबद्दल मी दहा वर्षे टिपणे काढली, त्यात हा कप कुठेच नाही.

त्या गृहस्थांना मी नंतर गाठले आणि हे सांगितले. त्यांना नवल वाटले नाही. त्यांच्या गावी कपाऐवजी करवंटी होती, म्हणाले.

लॉसन यांना व्हँडरबिल्टने 2006 मध्ये सन्मानाने अध्यापक म्हणून परत बोलावले. मी मात्र सध्या आईकडून आमच्या टपरीची माहिती लिहून घेतो आहे : कोण येत, कुठे बसत, किती पैसे देत. त्या कपाचे पुढे काय झाले, असे मी तिला विचारले.

“फुटला ना तो,” आई म्हणाली. “मंग दुसरा आणला.”